पाहुण्याला ठाणं कसं दाखवावं

ठाण्यात पाहुणे आले की बऱ्याच घरांत एकच बेत ठरतो. संध्याकाळी मॉल, रात्री बाहेर जेवण आणि दुसऱ्या दिवशी गेटवे बघायला मुंबई. चार दिवस ठाण्यात राहून पाहुणा ठाणं न बघताच परत जातो. मला हे मनापासून खटकतं. माझं माहेर खारकर आळीतलं, सासर नौपाड्यातलं. शाळा, नोकरी, बाजारहाट, मुलांचं शिक्षण सगळं स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्याच टापूत झालं. या टापूत मी नणंदा, भाचरं, मुलाचे हॉस्टेलचे मित्र, परदेशातून आलेल्या जाऊबाई अशा सगळ्यांना हिंडवून आणलं आहे. त्यातून माझी एक रीत बसली आहे, ती इथे सांगते. तुम्ही तुमच्या सोयीने फेरफार करा, पण निदान एक सकाळ पाहुण्याला जुन्या ठाण्यातून पायी फिरवा.

निघण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. माझा मामेभाऊ पुण्याचा. त्याच्या गावात वाड्या-वाड्यावर निळी पाटी असते, कोण कधी राहिलं ते वाचत जायचं. ठाण्यात ती सोय फारशी नाही, कारण इथला इतिहास अजून वापरात आहे. किल्ल्यात तुरुंग झाला आणि तो आजही तुरुंगच आहे. देशातली पहिली प्रवासी आगगाडी ज्या गावाला आली, तिथल्या स्टेशनावर आजही लोक सकाळची फास्ट पकडायला धावतात. 1893 सालच्या ग्रंथसंग्रहालयात आजही सभासद पुस्तक बदलायला जातात. वापरातल्या जागेपुढे कोणी थांबत नाही, म्हणून तिथे सांगणारं माणूस लागतं. ते काम तुमचं. निघण्याआधी पाच-सहा गोष्टी नीट माहीत करून घ्या, सनावळ्यांसकट. "खूप जुनं आहे" एवढं सांगून पाहुण्याच्या मनात काहीच उभं राहत नाही.

वार आणि वेळ

शनिवार टाळा. टेंभी नाक्याजवळ ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे, त्यांचा शनिवार साबाथचा, म्हणजे विश्रांतीचा आणि प्रार्थनेचा असतो, तिथे त्या दिवशी आपण बघे म्हणून जाणं बरं नव्हे. बाकी कुठलाही वार चालेल, रविवार सगळ्यात उत्तम. साताच्या आत घर सोडा. गाडी घरीच ठेवा. जांभळी नाक्याच्या आसपास गाडी लावायला जागा शोधण्यात सकाळ वाया जाते. सोबत वडीलधारं माणूस असेल तर मध्ये एखादा टप्पा रिक्षाने करा. अंतरं एवढीशी आहेत की आजूबाजूचं काही सुटत नाही.

सुरुवात स्टेशनावर

पाहुणा गाडीने आलेला असला तरी त्याला पुन्हा स्टेशनावर न्या. उतरताना त्याचं लक्ष सामानाकडे असतं, त्याने काहीच पाहिलेलं नसतं. प्लॅटफॉर्म तिकीट काढा, पादचारी पुलावर चढा आणि जिन्याच्या तोंडाशी न थांबता कठड्याच्या बाजूला उभे राहा. मग सांगा.

16 एप्रिल 1853, शनिवार. दुपारी साडेतीनच्या सुमाराला बोरीबंदरहून गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित, ओढायला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं. एकवीस तोफांची सलामी झाली. हे बहुतेकांनी शाळेत वाचलेलं असतं, पण आठवताना ते बोरीबंदरापाशीच थांबतात. तुम्ही पुढचं सांगा. ती गाडी येणार होती ठाण्याला. चौतीस किलोमीटरचा तो पहिला लोहमार्ग या गावापर्यंत टाकला होता, आणि पुढच्याच वर्षी, 1854 मध्ये, खाडी ओलांडून रूळ कल्याणला पोचले. घाट चढून देशावर जाणाऱ्या वाटेवरचं हे नाकं होतं. जिल्ह्याचा कारभार इथे, बंदर इथे. नाना शंकरशेट यांच्यासारखी माणसं या रेल्वेच्या उभारणीत होती, हेही आवर्जून सांगा.

आणि मग खाली बोट दाखवा. दहा प्लॅटफॉर्म, इकडून सीएसएमटी, तिकडून कसारा-कर्जत, पलीकडून वाशी-पनवेल. गर्दीबद्दल ओशाळून बोलू नका. काही जण पाहुण्याला गर्दी दिसू नये म्हणून दुपारी आणतात. मी मुद्दाम सकाळी नेते. डबा छातीशी धरून, एका हाताने मोबाइलवर अभंग लावून चढणारी बाई बघितल्याशिवाय ठाणं कळत नाही. हे शहर अशाच माणसांनी उभं केलं आहे.

इथेच बहुतेक पाहुणे तो प्रश्न विचारतात: "ठाणं म्हणजे मुंबईच ना?" रागावू नका. 1787 मध्ये ठाण्याच्या किल्ल्यात खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचा ताम्रपट सापडला. त्यावर शके 939 आहे, म्हणजे इसवी सन 1017. उत्तर कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहारांचं हे महत्त्वाचं नगर. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याचं वर्णन एक राज्य म्हणून केलं आहे. मुंबईवर माझंही प्रेम आहे, सासऱ्यांची आणि नवऱ्याची नोकरी तिथलीच. पण ठाण्याची नगरपालिका 1863 पासूनची, महापालिका 1 ऑक्टोबर 1982 पासूनची. आपलं गाव आपल्या नावाने ओळखलं जावं, एवढं तर मागायलाच हवं.

बाजार, देऊळ, तलाव

स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडा. स्टेशनाबाहेरच्या बसगाड्यांच्या, म्हणजे सॅटिसच्या पुलाखालून वाट काढत जांभळी नाक्याकडे चालू लागा. सकाळच्या या बाजारात पाहुण्याला दहा मिनिटं मोकळं सोडा, काही सांगू नका. केळीची पानं, झेंडूचे ढीग, पत्रावळी, तांब्या-पितळेची भांडी, टोपल्यात मेथी. काहीतरी विकत घ्यायला लावा. हातात चार गजरे आले की माणूस बाजारातला होतो, नुसता बघ्या राहत नाही.

बाजारातच कौपिनेश्वर आहे. ठाणेकरांचं ग्रामदैवत म्हणा हवं तर. आतलं शिवलिंग महाराष्ट्रातल्या सगळ्यात मोठ्या शिवलिंगांत गणलं जातं, समोर उभं राहिलं की नजर खाली न जाता सरळ जाते. देवस्थान शिलाहारकाळापासूनचं मानतात, आणि आजच्या देवळाची उभारणी 1760 मध्ये सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली. म्हणजे मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणं घेतल्यावर तेवीस वर्षांनी. हा दुवा पाहुण्याला इथेच सांगून ठेवा, किल्ल्यापाशी त्याचा उपयोग होतो. सोमवारी आणि श्रावणात गर्दी फार असते. नंदीजवळ बसून दोन मिनिटं शांतपणे मिळतात ती रविवारी सकाळी.

देवळातून बाहेर आलात की मासुंदा. आम्ही तलावपाळीच म्हणतो. एक पूर्ण फेरी मारा, बाकावर बसून बोलण्यापेक्षा चालत बोलणं सोपं जातं. सकाळी इथे चालायला येणारे आजोबा, भेळवाल्यांच्या बंद गाड्या, काठाला बांधलेल्या होड्या, मधल्या बेटावरचा महादेव. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात. आजही शहराच्या हद्दीत 35 च्या आसपास तलाव आहेत, आणि पूर्वी याहून कितीतरी जास्त होते. जे गेले त्यांच्यावर इमारती आहेत. पाहुण्याला हेही सांगावं, कौतुकाच्या भरात लपवू नये. कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर, आंबेघोसाळे, मखमली, हरियाली ही नावं नुसती म्हणून दाखवलीत तरी ऐकणाऱ्याला बरं वाटतं. पण सगळे तलाव एका दिवसात दाखवायला जाऊ नका.

तलावाच्या काठाशी सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च आहे. पोर्तुगीज काळातल्या ठाण्याची ही खूण. त्याच्याही आधी, 1321 मध्ये, फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मोपदेशक ठाण्यात मारले गेले, आणि युरोपात त्या काळी ठाण्याचं नाव पोचलं ते या घटनेने. चर्चची प्रार्थना चालू असेल तर बाहेरूनच बघा.

मिसळ

आता साडेआठ-नऊ झालेले असतात आणि पाहुण्याला भूक लागलेली असते. मामलेदार मिसळ. तहसील कचेरीजवळच्या या जागेची ओळख तिखटाची आहे, आणि इथे यजमानाची खरी परीक्षा असते. पाहुणा कोल्हापूरचा असो की सोलापूरचा, पहिली प्लेट मीडियमच सांगा. इथला रस्सा पातळ असतो, तिखट आधी जाणवत नाही, घशाशी गेल्यावर जाणवतं. सगळा रस्सा एकदम ओतू देऊ नका, फरसाण मऊ पडतं. पाव रश्शात बुडवून खायचा, वर पाणी प्यायचं नाही, ताक मागवायचं. टेबल मिळवायला उभं राहावं लागतं, शेजारी अनोळखी माणूस बसतं, ते सगळं मिसळीतच धरा. कचेरीत कामाला येणाऱ्या लोकांसाठी सुरू झालेलं हे साधं कॅन्टीन. आजही कोर्टाच्या तारखेला आलेला भिवंडीचा शेतकरी आणि आयटीत काम करणारा मुलगा एकाच बाकावर बसून खातात. मला त्या मिसळीइतकाच तो बाक आवडतो.

टेंभी नाका

टेंभी नाका म्हटलं की लोकांना नवरात्रातली देवी आणि दहीहंडी आठवते, आणि ते बरोबरच आहे. त्या दिवसांत इथे पाय ठेवायला जागा नसते. पण इतर दिवशी हा भाग सावकाश बघावा.

सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात शार हाशामायिम सिनेगॉग आहे, 1879 सालचं. बेने इस्राएल या ज्यू समाजाचं हे प्रार्थनास्थळ, आणि आज भारतात बेने इस्राएलींची सगळ्यात मोठी वस्ती ठाण्यात आहे. ही माणसं कोकण किनाऱ्यावरच्या गावांतून आलेली, घरात मराठी बोलणारी. पूर्वी तेलघाणे चालवायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावोगाव त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याकडे मलिदा नावाचा विधी असतो. एलियाहू हन्नावी या त्यांच्या प्रेषिताच्या नावाने भिजवलेले गोड पोहे आणि फळं ताटात मांडतात. माझ्या वर्गातली एक मैत्रीण या समाजातली होती, तिच्याकडचे ते पोहे मी लहानपणापासून खाल्ले आहेत. आत जायचं असेल तर आधी विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा, पुरुषांनी डोकं झाकावं. आत जाता आलं नाही तर बाहेरून बघूनही समाधान होतं.

याच भागात पारशांची अठराव्या शतकातली अग्यारी आहे. तिथे पारशी सोडून कोणाला प्रवेश नसतो, दारासमोर घोटाळू नका, चालता चालता दाखवा. थोडं पुढे-मागे गेलं की मशीद, देऊळ, चर्च, सगळं हाकेच्या अंतरावर. पाहुण्याला मोठा उपदेश करायची गरज नाही. ही सगळी दारं त्याने अर्ध्या तासात पायी पाहिली, एवढं पुरे.

किल्ला, म्हणजे तुरुंग

या जागेला वेळ द्या. आत जाता येत नाही, फोटो काढू नका, पहारेकऱ्यांना त्रास होईल असं दाराशी उभं राहू नका. रस्त्याच्या पलीकडून तटाची भिंत बघत सांगायला सुरुवात करा.

पोर्तुगीजांनी हा किल्ला 1730 साली बांधायला घेतला. ठाणं ज्या साष्टीच्या बेटावर आहे त्याचं हे खाडीकाठचं दार होतं, ते त्यांना पक्कं करायचं होतं. काम पुरं व्हायच्या आत 1737 च्या मार्चमध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाणं घेतलं. वसईचा किल्ला सर झाला तो पुढे 1739 मध्ये. सगळे वसईची गोष्ट सांगतात, पण त्या मोहिमेचं दार ठाण्याला उघडलं. 1774 च्या डिसेंबरअखेर किल्ला इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचा तुरुंग झाला.

मुलं सोबत असतील तर त्यांना त्रिंबकजी डेंगळ्यांची गोष्ट सांगा. ती ऐकताना मुलं भिंत निरखून बघू लागतात. दुसऱ्या बाजीरावाचे विश्वासू त्रिंबकजी. गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा 1815 मध्ये पंढरपुरात खून झाला, त्या प्रकरणात इंग्रजांनी त्यांना मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात कोंडलं. पहाऱ्यावर गोरे शिपाई ठेवले, म्हणजे कोणाला मराठी कळायला नको. आणि तिथेच चूक झाली. एका अधिकाऱ्याच्या घोड्याचा मोतद्दार रोज खिडकीखाली घोडा खरारा करताना मोठ्याने गाणी म्हणायचा. त्या गाण्यांतूनच निसटण्याचा बेत आत पोचवला गेला, असं सांगतात. 1825 मध्ये इथल्या सेंट जेम्स चर्चच्या निमित्ताने आलेल्या बिशप हेबर यांनी ही हकिगत लिहून ठेवली आहे. 12 सप्टेंबर 1816 च्या रात्री, पावसात, त्रिंबकजी निसटले.

त्यानंतरच्या गोष्टी हळू आवाजात सांगायच्या आहेत. 2 मे 1848 रोजी राघोजी भांगरे यांना इथे फाशी दिलं. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागातला हा महादेव कोळी वीर, सावकारी आणि इंग्रजी अंमल यांच्याविरुद्ध उठलेला. आणि 19 एप्रिल 1910 रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात मारला गेला, त्याबद्दल तिघांना फाशी झाली. अनंत कान्हेरे अठरा वर्षांचे होते. माझा मुलगा बारावीला असताना त्याला मी ही भिंत दाखवायला आणलं होतं. त्या वयाच्या मुलांना हे वय सांगा, बाकी काही सांगावं लागत नाही.

पुस्तकं आणि नाटक

परत फिरताना सुभाष पथावरचं मराठी ग्रंथसंग्रहालय दाखवा. 1 जून 1893 रोजी ते सुरू झालं, मराठी वाङ्मयाचे इतिहासकार विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने. मराठी ग्रंथ जमवायचे आणि जपायचे या एकाच हेतूने निघालेली इतकी जुनी संस्था दुसरीकडे शोधावी लागेल. पाहुण्याला आवडता लेखक विचारा आणि त्याचं पुस्तक इथे मागून बघा. त्याच्या आजोबांच्या काळातलं मासिक निघालं, तर पुढचा तासभर तुमच्या हातात नाही.

तलावपाळीवरचं गडकरी रंगायतन सकाळी नुसतं दाखवून ठेवा आणि प्रयोग असेल तर संध्याकाळची तिकिटं काढा. नाटकवाल्यांच्या तोंडून मी ऐकलं आहे की ठाण्याचा प्रेक्षक दाद देतो तशी चूकही पकडतो. मध्यंतरातला बटाटेवडा आणि बाहेर रंगलेली चर्चा धरून नाटक साडेचार तासांचं होतं, त्या हिशेबाने जेवणाची वेळ ठरवा.

दुपार

उन्हात फिरवू नका. घरी आणा आणि जेवायला घाला. आमच्याकडे वालाचं बिरडं ठरलेलं असतं. ठाण्यात सीकेपी घरं जुनी, आणि बिरड्याला कडवे वालच लागतात, मोड काढून सोललेले. आदल्या रात्रीच सगळ्यांनी मिळून वाल सोलायला बसलात तर पाहुणाही बसतो आणि गप्पा होतात.

जेवताना दोन विषय हमखास निघतात. एक, ठाण्याच्या मनोरुग्णालयाचा. "याला ठाण्याला पाठवा" हे वाक्य गावोगाव चेष्टेने म्हणतात. हसून सोडून देऊ नका. 1901 पासून हे रुग्णालय आहे. घरच्यांनी पाठ फिरवली अशा कितीतरी माणसांना या गावाने शंभर वर्षांहून जास्त काळ छप्पर दिलं, औषध दिलं, काहींना बरं करून घरी पाठवलं. मला यात कमीपणा वाटत नाही, अभिमान वाटतो, आणि मी पाहुण्याला तसं स्पष्ट सांगते.

दुसरा विषय कारखान्यांचा. एमआयडीसी 1962 मध्ये स्थापन झाली आणि वागळे इस्टेट ही तिची पहिली वसाहत. माझे वडील तिथे तीन पाळ्यांत काम करायचे. भोंगा झाला की आई चहाचं आधण ठेवायची. आज तिथे काचेच्या इमारती आहेत, घोडबंदर रोडला गृहसंकुलं आहेत. पाहुणा तिकडे राहत्या नातेवाइकांकडे जाणार असेल तर वाटेत कॅडबरी जंक्शन, माजिवडा, कापूरबावडी ही नावं दाखवत न्या. गिरण्या-कारखान्यांवर जगलेलं गाव नावांतून अजून वाचता येतं.

चेंदणी आणि खाडी

ऊन उतरलं की चेंदणी कोळीवाड्यात चला. रेल्वेमुळे हा कोळीवाडा पूर्व आणि पश्चिम असा दोन्ही अंगांना विभागलेला आहे. शिलाहार, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज येऊन गेले, पण कोळी त्या सगळ्यांच्या आधीपासूनचे. गल्ल्या अरुंद आहेत, दारात बसून कोणी जाळं विणत असेल, कोणी मासळी निवडत असेल. न विचारता फोटो काढू नका. ताजी मासळी घ्यायची तर सकाळी यावं लागतं, भाव करताना मर्यादा ठेवा. नारळी पौर्णिमेला इथली मिरवणूक बघायला मिळाली तर बाकीचे सगळे बेत रद्द करा.

पूर्वेला मीठबंदर रोडने खाडीपर्यंत जाता येतं. मिठाच्या व्यापाराचं हे जुनं बंदर. पाणी आता काळपट आहे, वासही येतो. तरी कांदळवन उभं आहे, ओहोटीला चिखलात बगळे, शराटी, तुतवार दिसतात. खाडीचं दुखणं पाहुण्यापासून लपवण्यापेक्षा ते दाखवून पुढचं सांगावं: हीच खाडी खाली ऐरोलीकडे रोहित पक्ष्यांची आहे. 2015 मध्ये तिथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं आणि 2022 मध्ये तिला रामसर पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोट मिळते. बोटीची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, म्हणून आधी विचारून जागा राखून ठेवा. हा दुसऱ्या दिवसाचा बेत.

संध्याकाळी पाहुण्याला विष्णूनगरात गजानन वडापाव खायला घाला. इथली पिवळी बेसनाची चटणी दुसरीकडे अशी मिळत नाही, ती जास्तीची मागून घ्यायची असते. मग राम मारुती रोडने चालत घंटाळीपर्यंत. दुकानं, शिकवणीतून सुटलेली मुलं, फाटकाशी उभं राहून बोलणाऱ्या बायका. इथे काही सांगू नका, फक्त चाला. तरुण पाहुणे असतील तर त्यांना उपवनला न्या, येऊरच्या डोंगरामागे सूर्य जाताना तलावाचा रंग बदलतो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग, तिथे पहाटे जायचं, संध्याकाळी नाही. वारली पाड्यांतून जाताना आपण कोणाच्या तरी अंगणातून चाललो आहोत हे भान ठेवा आणि प्लॅस्टिकची एक पिशवीसुद्धा मागे टाकू नका. लहान मुलांसाठी ओवळ्याची ओवळेकर वाडी आहे, फुलपाखरांची बाग, रविवारी सकाळी.

कधी बोलवावं

पाहुणा तुम्हाला तारीख विचारत असेल तर गुढीपाडवा सांगा. कौपिनेश्वराची पालखी निघते, चित्ररथ असतात, नऊवारी नेसून बुलेटवर बसलेल्या मुली, लेझीम, ढोल. उभं राहायला तलावपाळीपेक्षा राम मारुती रोड बरा, सावली मिळते आणि मिरवणूक हळू जाते. गर्दीची भीती नसेल तर दिवाळीची पहिली पहाट. त्या पहाटे राम मारुती रोडवर आणि तलावपाळीवर ठाण्याची सगळी तरुण मंडळी नवे कपडे घालून नुसती भेटायला येतात. बाहेरगावी नोकरीला गेलेली मुलं त्या एका सकाळसाठी रात्रीच्या बसने येतात. फ्लेमिंगो बघायचे तर थंडी सरताना यावं.

आणि पाहुणा खाण्याचा शौकीन असेल तर त्याला जूनच्या सुरुवातीला, पहिले एक-दोन पाऊस पडल्यावर बोलवा. तेव्हा जांभळी नाक्याला आणि गावदेवीच्या बाजारात डोंगराकडच्या आदिवासी बाया रानभाज्या घेऊन बसतात: टाकळा, कुरडू आणि जुड्या बांधलेली शेवळं. शेवळं थोडेच दिवस मिळतात, दिसली की घ्या. त्यांच्यासोबत काकडं म्हणून हिरवी आंबट फळं ठेवलेली असतात, ती घ्यायला विसरू नका, नाहीतर घशाला खाज सुटते. वरची पानं आणि दांड्याच्या खालचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं. काकडं ठेचून त्याचा रस गाळून त्यात घालायचा आणि शिजू द्यायचं. मग भिजवलेले सोडे (सुकवलेली कोळंबी), कांदा, आलं-लसूण, आमच्या घरचा मसाला, शेवटी नारळाचं दूध. खिमा घालूनही करतात, शाकाहारी असाल तर वालाचे दाणे घाला. बाईकडून जुडी घेताना ती कुठल्या पाड्यावरून आली ते विचारा, भाव पाडू नका. पहाटे अंधारात डोंगर उतरून ती आलेली असते.